राणी गेली, पण उरलेल्या दोघांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जॉर्जियाच्या राणी केतेवानवरचा, सतराव्या शतकात गोव्यात आणून पुरलेल्या तिच्या अवशेषांविषयीचा, कालचा लेख दोनदा वाचला. लेखकाने मेहनत घेतली आहे, पण राणीचे अवशेष तिच्या देशाच्या राजधानीला, तिबिलिसीला, पोहोचले आणि लेख संपला, याचा मला फार राग आला. त्या उत्खननातून काय फक्त राणीच निघाली?

२००४ साली जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टिनच्या पडक्या चर्चमध्ये हाताचे हाड मिळाले, हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासला गेला, २०१४ मध्ये ते राणीचेच असावे असा निष्कर्ष आला, जुलै २०२१ मध्ये आपले परराष्ट्रमंत्री ते जॉर्जियाला घेऊन गेले. हे सगळे तुम्ही छापलेत. त्याच तपासणीत तिथलेच आणखी दोन अवशेष होते आणि त्यांचा मातृवंश, म्हणजे आईकडून चालत आलेला वंश, भारतीय निघाला, ही ओळ मात्र कुठेच नाही. राणीचा वंश इथे सापडत नाही म्हणून ती ओळखू आली. हे दोघे आपल्यातलेच निघाले आणि बाजूला पडले. चर्चच्या घंटेला पणजीच्या चर्चमध्ये जागा मिळाली, राणीला तिच्या देशात. या दोघांची साधी आठवणही कोणी काढू नये?

माझे वडील शाळामास्तर. मी नववीत असताना त्यांनी मला मोंते सांतोच्या टेकडीवर, याच पडक्या चर्चमध्ये, नेले होते. जमिनीत थडग्यांच्या शिळा, त्यांवर घराण्यांची चिन्हे आणि पोर्तुगीज अक्षरे. वडिलांनी चपला बाहेर काढायला लावल्या. मी म्हटले, "बाबा, हे काय देऊळ आहे?" ते म्हणाले, "माणसं निजलीत इथं." मग एका शिळेवर तांब्याभर पाणी ओतून, उठून आलेल्या चार ओळी त्यांनी वहीत उतरवून घेतल्या. ती वही माझ्याकडे आहे.

गेल्या डिसेंबरात वही घेऊन नातीसोबत गेले. शिळा लवकर सापडेना, कारण तिच्यावर प्री-वेडिंग शूटवाल्यांच्या बॅगा, दिवे आणि छत्री मांडलेली होती. हलवायला सांगितले तर तो मुलगा म्हणतो, "आजी, दगडच आहेत ना हे!" चार ओळींपैकी आता जेमतेम दीड ओळ वाचता येते. चर्च चालू होते तेव्हाही लोक या शिळांवरूनच चालत, हे मला ठाऊक आहे. पण ते प्रार्थनेला चालले होते, आणि डोक्यावर छत होते. १८४२ साली ते कोसळल्यापासून दर पावसाळ्याचे चार महिने ही अक्षरे झिजत आहेत.

शिळांभोवती दोर बांधा, पावसाळ्यात त्या झाका, आणि राणीची माहिती सांगाल तिथे या दोघांविषयीही दोन ओळी मराठी-कोकणीतून लिहा. याला फार खर्च येत नाही. आपल्या दैनिकाने हे लावून धरावे, अशी कळकळीची विनंती.

आणखी एक. लेखासोबतचे छायाचित्र जुन्या गोव्यातल्याच दुसऱ्या चर्चचे, बॉम जीझसचे आहे. सेंट ऑगस्टिनचा तो जांभ्या दगडाचा अर्धा उरलेला मनोरा रस्त्यावरूनही दिसतो, तो ओळखायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. हीच चूक आपल्याकडून दोन वर्षांपूर्वीही झाली होती. तेव्हाही मी पत्र पाठवले होते, ते छापून आले नाही.

– एक निवृत्त शिक्षिका, म्हापसा