उंची-वजनाचा तक्ता आणि कमरेची टेप

महोदय,

गेल्या आठवड्यात रंकाळ्याच्या काठी भरलेल्या एका मोफत आरोग्य शिबिरात माझ्या वहिनींचा बॉडी मास इंडेक्स (उंची-वजनाचा निर्देशांक) २४.२ निघाला आणि तक्त्यातील हिरव्या पट्ट्यावर बोट ठेवून ‘वजन अगदी योग्य आहे’ असे त्यांना सांगण्यात आले. उंची १५२ सेंटिमीटर, वजन ५६ किलो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हाच आकडा येतो, म्हणजे गणित चुकलेले नव्हते. चुकला होता तो तक्ता. १८.५ ते २४.९ ही मर्यादा सर्वसाधारण जागतिक आहे. भारतीयांच्या शरीरात तेवढ्याच निर्देशांकाला चरबीचे, विशेषतः पोटावरील चरबीचे, प्रमाण अधिक असते आणि मधुमेहाचा धोका लवकर सुरू होतो, म्हणून आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. त्या हिशेबाने वहिनींचे वजन ५३ किलोंच्या आत हवे.

कमरेला टेप लावण्याची तसदी तेथे कोणी घेतली नाही. स्त्रियांच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला, तर निर्देशांक बरा असूनही सावध व्हावे लागते. (शिलाई मशीनच्या खणातील टेपने घरी मोजला, तो ८६ भरला.) उलट आपल्या तालमीत घाम गाळणाऱ्या मुलींचा निर्देशांक स्नायूंमुळे वाढलेला दिसू शकतो. गरोदर स्त्रियांना तर हा तक्ता लागूच होत नाही. त्यांनाही त्याच रांगेत उभे केले होते, हे विशेष!

शिबिरे भरवणाऱ्यांनी निदान भारतीय मर्यादांचा तक्ता लावावा आणि वजनकाट्याशेजारी एक टेप ठेवावी, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर