गोळी आधी, चहा नंतर

ठाणे, 2 जानेवारी

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही परवा फोनवर आईच्या थायरॉईडच्या पथ्याची यादी वाचून दाखवलीत. कोबी बंद, फ्लॉवर बंद, मुळा बंद, शेंगदाणे बंद आणि आता बाजरीसुद्धा बंद. नगरकडच्या घरात, ऐन थंडीत! म्हटलं, पत्रच लिहावं. फोनवर तुम्ही माझं वाक्य पुरं होऊ देत नाही.

यादी अगदीच हवेतली नाही, हे कबूल. कोबी, फ्लॉवर, मुळा यांच्यातले काही घटक थायरॉईड ग्रंथीला आयोडीन वापरू देत नाहीत. बाजरीतही तसे घटक आहेत; सुदानमध्ये जिथे लोक मुख्यतः बाजरीवर जगतात आणि पोटात आयोडीन कमी जातं, तिथे गलगंडाच्या संदर्भात तिचा अभ्यास झालाय. पण आईच्या ग्रंथीला जे हार्मोन पुरेसं बनवता येत नाही, तेच तिला गोळीतून तयार मिळतंय. शिवाय भाजी शिजवली की त्या घटकांचा जोर बराच उतरतो. कच्च्या कोबीचा रस रोज पेलाभर प्यायची टूम कुणी काढली तर जरूर अडवा. आठवड्यातून दोनदा डाळ घालून केलेल्या कोबीने काही होत नाही.

खरी गडबड भल्या सकाळी होते आणि ती तुमच्या यादीत नाही. आई थायरॉईडची गोळी चहाबरोबर घेते, वर कॅल्शियमचीही ‘एकदाच उरकून टाकते’. आई, ही गोळी मायक्रोग्रॅमच्या मापातली. दूध घातलेला चहा, कॅल्शियम, लोह यांच्या सोबतीने पोटात गेली की ती नीट शोषलीच जात नाही. म्हणून बाबा दूध आणायला निघाले की तू नुसत्या पाण्याबरोबर गोळी घे. चहा त्यानंतर निदान अर्ध्या तासाने, तासाने घेतलास तर उत्तम. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, म्हणजे मधे चार तास आपोआप जातात. पित्ताची गोळीही चालू आहे ना? तीही डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि एकादशीला गोळी चुकवायची नाही. पाणी आणि औषध उपासाला चालतं, हे तूच मला लहानपणी सांगायचीस.

बाबा, पोळीच्या कणकेत सोयाबीनचं पीठ घालणं मला पटलं नाही. सोयाबीन विष नाही, पण गोळीच्या शोषणात तेही अडथळा आणतं. सकाळी गोळी आणि पाठोपाठ सोयाच्या पोळीचा नाश्ता, हे नको. प्रथिनांसाठी मूग, मटकी, दही, अंडी आहेतच.

मिठाबद्दल मात्र भांडणार आहे. डबाभर सैंधव आणून आयोडीनचं मीठ बंद केलंत, ते कशासाठी? शाळेत गलगंडाचा धडा तुम्हीच शिकवायचात. 1956 पासून डॉ. रामलिंगस्वामींनी हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात मिठात आयोडीन घालून गलगंड कमी होतो हे दाखवलं आणि 1962 मध्ये देशभरासाठी गलगंड नियंत्रण कार्यक्रम आला. सैंधव उपासापुरतं ठेवा. तुमच्या ब्लडप्रेशरसाठी मीठ कमी करायचंय ते जरूर करा, पण जे खाल ते आयोडीनचं. बरणी झाकणाची असू द्या आणि गॅसपासून लांब. उलट, आयोडीन जास्त म्हणजे चांगलं असंही नाही; ते समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलचं प्रकरण सोडून द्या. जादा आयोडीननेही थायरॉईड बिघडतो.

वजनावरून आईला टोचणं आता बास. थायरॉईडमुळे चढणारं वजन साधारण दोन ते पाच किलोंचं असतं आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी आणि मीठ. उरलेलं तुमच्या-आमच्यासारखंच, बसून राहण्याचं आणि फरसाणाचं. ते तुम्ही दोघं संध्याकाळी चालायला गेलात तर उतरेल. बद्धकोष्ठासाठी पालेभाज्या, भाकरी, पेरू आणि भरपूर पाणी. इसबगोल रात्रीच घे आई, सकाळी नको.

एक गोष्ट विसरू नका. वेळ बदलली की तीच गोळी जास्त लागू पडेल. छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडणं असं काही वाटलं तर लगेच डॉक्टरांकडे जा, स्वतः डोस कमी-जास्त करू नका. नाहीतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करून घ्या. तपासणीला जाताना केसांसाठीची बायोटिनची गोळी दोन-तीन दिवस आधी बंद करायची का, हेही विचारून घ्या, तिने रिपोर्ट चुकतो. रिपोर्टचा फोटो मला पाठवा, म्हणजे फोनवर ‘नॉर्मल आहे गं’ एवढ्यावर भागवता येणार नाही.

भोगीला मी आणि मुलं येतोय. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि भोगीची भाजी हवीच. आईच्या ताटातही, बाबा.

तुमची,
सुमी