को-साइन करायच्या आधी

प्रिय बंड्या,
अनेक आशीर्वाद. रविवारी व्हिडिओ कॉलवर तू घाईघाईत विचारलंस की मित्राच्या कार लोनवर को-साइन करू का, म्हणजे जामीन राहू का, आणि मी "नंतर बोलू" म्हटलं, ते तुला टाळायला नाही रे, बाबा शेजारीच पेपर वाचत बसले होते म्हणून. का ते खाली कळेल. व्हॉट्सॅपवर एवढं टाईप होत नाही म्हणून मेल करतेय.

मागच्या ऑक्टोबरात तू मला व्हर्जिनियात माँटिसेलोला नेलंस ना, अमेरिकेचा तिसरा राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन, त्याच्या घरी. तू ते घड्याळ बघत बसलास आणि मी मनात म्हणत होते या माणसाचा हिशोब नक्की कुठे चुकला, ३१ वर्षं लोन डिपार्टमेंटला काढल्यावर दुसरं काय सुचणार. मग घरी आल्यावर त्याची पत्रं वाचायला घेतली, नेटवर फुकट आहेत. १८२५ साली त्याने एका लहान मुलाला पत्र लिहिलंय, मुलाचं नाव याच्यावरूनच ठेवलेलं, आणि त्यात दहा नियम दिलेत. एक, पैसा हातात यायच्या आधी खर्च करू नकोस. दुसरा, स्वस्त आहे म्हणून नको असलेली वस्तू घेऊ नकोस. हे सांगणाऱ्या आजोबांच्या स्वतःच्या डोक्यावर तेव्हा लाखाच्या घरात डॉलरचं कर्ज! बरं, हा खर्च लिहून ठेवणारा माणूस, १७६७ पासून मरेपर्यंत वह्या आहेत. पण रोजची नोंद वेगळी आणि आपण एकूण किती बुडालोय हे कळणं वेगळं, असे कस्टमर मी पुष्कळ पाहिलेत.

जुनं कर्ज होतंच, सासऱ्याकडून आलेलं सुद्धा. १८१५ मध्ये स्वतःची साडेसहा हजारांच्या आसपास पुस्तकं सरकारला २३,९५० डॉलरला विकली तरी पुरलं नाही. पण खरा घाव पडला तो १८१८ मध्ये. विल्सन केरी निकोलस म्हणून गृहस्थ, व्हर्जिनियाचा माजी गव्हर्नर आणि वर जेफरसनच्या नातवाचा सासरा. त्याने वीस हजार डॉलरच्या कर्जाला जामीन राहा म्हणून गळ घातली. आता तूच सांग, नातवाच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. केली सही. पुढच्याच वर्षी, १८१९ ला मंदी आली, बँकांनी कर्जं परत मागायला सुरुवात केली, शेतमालाचे आणि जमिनीचे भाव कोसळले आणि निकोलस बुडाला, ते कर्ज आलं जेफरसनच्या गळ्यात. सहा टक्क्यांनी नुसतं व्याज वर्षाला बाराशे डॉलर, तेही न घेतलेल्या पैशाचं. १८२० ला निकोलस वारला, आणि त्याला पुरलं कुठे, तर माँटिसेलोच्या घरच्याच स्मशानात. आपण त्या कुंपणाजवळ उभं राहून फोटो काढला बघ.

एक गंमत सांगते. त्या काळी पत्राचा टपालखर्च बहुतेक वेळा पत्र घेणाराच भरायचा आणि दर पानावर आणि अंतरावर. चारशे मैलांच्या पुढे एका कागदाला २५ सेंट, दोन कागद झाले की ५०, म्हणून पाकीटच नाही, कागद घडी करून त्याच्यावरच पत्ता. जवळच्या दरात एक साडेबारा सेंटचाही होता! कारण बाजारात स्पॅनिश चांदीची नाणी चालायची, डॉलरचा आठवा हिस्सा. आपल्या दोन आण्याचे साडेबारा पैसे तसंच, मला लगेच पटलं, तुला आणे काय कळणार म्हणा. आणि पत्रातून पैसे पाठवायचे तर लोक नोटेचे दोन तुकडे करून वेगवेगळ्या टपालाने पाठवायचे, एक चोरीला गेला तरी चोराला उपयोग नाही.

असो. १८२६ मध्ये जेफरसनने लॉटरी काढून जमीन विकायची परवानगी मागितली, मिळालीही, पण त्याच वर्षी ४ जुलैला गेला. कर्ज एक लाख सात हजारांच्या वर. मुलगी मार्था शाळा काढायचं बघत होती, मग दोन राज्यांनी तिला दहा-दहा हजार डॉलर दिले. पण कर्ज फेडलं कुणी ते बघ. जानेवारी १८२७ मध्ये लिलाव झाला, जाहिरातीत जेफरसनच्या मालकीची १३० गुलाम माणसं. जोसेफ फॉसेट हा लोहार, त्याला मृत्युपत्राने मुक्ती मिळाली पण त्याची बायको ईडिथ आणि मुलं लिलावात गेली. तीच ईडिथ जी त्या घरात स्वयंपाक करायची. पीटर नावाचा त्यांचा मुलगा तेव्हा ११ वर्षांचा. नंतर जोसेफने बायकोला आणि काही मुलांना पैसे देऊन सोडवलं, स्वतःच्याच बायकोला रे. तिथे गाईड हे सांगत होती तेव्हा तू फोनवर बोलत होतास.

मला कुठे नेऊन काय जोडायचं नाहीये, ते भयंकर होतं आणि आपलं दुःख त्याच्यापुढे काहीच नाही. पण सही एकाची आणि भरणारे दुसरेच, एवढं मी घरात पाहिलंय. तू चार वर्षांचा होतास, बाबा ऑफिसातल्या एकाला एका पतसंस्थेत जामीन राहिले. तो गावच सोडून गेला. अडीच वर्षं बाबांच्या पगारातून कापत होते आणि शेवटी माझ्या पाटल्या मोडल्या. त्यानंतर या विषयावर बाबा एक शब्द बोललेले नाहीत, म्हणून मी त्या दिवशी गप्प.

तुझा मित्र चांगला असेल, निकोलसही वाईट नव्हता. लोनचे कागद फोटो काढून पाठव, व्याजदर आणि हप्ता बघते. को-साइनच्या ऐवजी त्याला तू स्वतःचे किती देऊ शकतोस, परत आले नाहीत तरी झोप लागेल एवढे, तो आकडा मला सांग. गाडी जरा जुनी घेतली तर भागेल कदाचित.

तुझी,
आई

ता.क. पाटल्यांचं मी तुला सांगितलंय हे बाबांना कळू देऊ नकोस. आणि पुढच्या वेळी आलास की मला स्मशानाचा तो फोटो प्रिंट करून आण.