धिंड काढून झाली, आता संध्याकाळचं बघा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत परत गाड्या फुटल्या. रात्री साडेबाराला पाच-सहा पोरं कोयते घेऊन आली, रिक्षांच्या आणि टू व्हीलरच्या काचा फोडल्या, शिव्या दिल्या आणि गेली. सकाळी सगळे म्हणतात ओळखीची पोरं होती पण नाव सांगायला कोणी तयार नाही.

२०२२ च्या शेवटी इथे पुण्यात सिंहगड रोडच्या बाजूला कोयत्याचे व्हिडिओ फिरले तेव्हापासून उपाय काय काय झाले ते बघतोय. कोयता विकताना आधार कार्ड घ्या, दुकानदाराने नोंद ठेवा, मग मोक्का, तडीपारी. आणि मधेमधे पोलीस पकडलेल्या पोरांची धिंड काढतात. अहो नारळवाल्याकडे कोयता, ऊसतोड्याकडे कोयता, तो शेतीचा म्हणून आर्म्स ॲक्टमधून सुटतो, नोंद किती जणांची ठेवणार? आणि धिंडीचं तर उलटंच होतंय. पोराला हात बांधून त्याच्याच एरियातून फिरवलं की त्याचेच मित्र शूटिंग करतात, खाली गाणं टाकतात, संध्याकाळी रील. लाज वाटायची राहिली बाजूला, पोरगा भाई झाला.

मी महापालिकेच्या शाळेत २९ वर्षं शिकवलं. कोयता हातात येतो सोळा-सतराला पण पोरगा हातातून जातो तेराला. माझ्या वेळी आठवीपर्यंत पास करत ढकलायचं, नववीत गणितात आपटला की शाळा सुटली, घरी आई धुणीभांडी करायला, बाप असला तर असला, आणि संध्याकाळी सात ते अकरा हा पोरगा कुठेय ते कोणालाच माहीत नाही. म्हणजे एकाला माहीत असतं, ज्याच्या बुलेटवर मागे बसून तो फिरतो त्याला. त्या भाईला कायदा आपल्यापेक्षा चांगला पाठ, अल्पवयीन आहे, बाल न्याय मंडळापुढे जाईल, सुटून येईल. (कल्याणीनगरच्या पोर्श केसनंतर अल्पवयीन पोराला जामिनासाठी लिहायला सांगितलेल्या ३०० शब्दांच्या निबंधावर सगळं पुणं हसलं, पण वस्तीतल्या पोराला सुटल्यावर निबंधसुद्धा कोणी विचारत नाही.)

एक गोष्ट बघितलीय. गणपतीच्या आधी दोन महिने ढोलपथकांची प्रॅक्टिस सुरू असते तेव्हा आमच्याकडची चारदोन वांड पोरं नऊ वाजता दमून घरी येतात, हाताला फोड, जेवून झोपतात. आवाजाची तक्रार मीपण केलीय, खोटं कशाला बोलू. पण विसर्जन झालं की ढोल गोडाऊनमध्ये आणि पोरं परत कट्ट्यावर. पेठांमध्ये तालमी होत्या, वस्ताद कान पिरगाळायचा, उपनगरात ते काहीच आलं नाही, फ्लॅट आले नुसते.

पोलिसांबद्दल म्हणाल तर गल्लीतल्या माणसांना सोबत घेऊन काम करणं आपल्याच राज्यात झालेलं आहे. भिवंडीत १९८४ ला दंगल झाली, नंतर सुरेश खोपडे तिथे डीसीपी होते, त्यांनी मोहल्ला कमिट्या केल्या, बीटचा पोलीस आणि गल्लीतली माणसं नेहमी एकत्र बसायची, आणि ९२-९३ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. तिकडे स्कॉटलंडमधलं ग्लासगो चाकूहल्ल्यांसाठी बदनाम होतं, २००५ ला तिथल्या पोलिसांनीच वेगळं युनिट काढलं, हिंसाचार साथीच्या रोगासारखा धरला. जखमी पोरगा हॉस्पिटलात असतानाच त्याच्याशी बोलायला माणूस जातो, काही वेळा तो माणूस स्वतः त्याच रस्त्याने गेलेला असतो. स्कॉटलंडमधले खून तेव्हापेक्षा आता निम्म्याहूनही कमी आहेत. आपल्याकडे टाके पडतात, जबाब होतो आणि बेडशेजारी मित्र बसून बदल्याचं ठरवत असतात.

बाल न्याय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात विशेष बाल पोलीस पथक सांगितलंय, पण आमच्या गल्लीत त्यातलं कोणी आलेलं मी बघितलं नाही. बीटचा माणूस दर सहा महिन्यांनी बदलतो, पोरांची नावं त्याला गुन्हा झाल्यावरच कळतात. दोन-तीन वर्षं एकच माणूस ठेवा, कबड्डीला शिट्टी घेऊन उभा राहू दे.

आणि जागा आहे हो. आमच्या इथल्या शाळेचं मैदान पाच वाजता कुलूपबंद होतं, लाईटचे खांब लावलेले आहेत, मंडळाची पोरं शिकवायला तयार आहेत. तीन वेळा अर्ज केला, वॉर्ड ऑफिसवाले म्हणतात शिक्षण विभागाकडे जा, ते म्हणतात क्रीडा विभागाकडे. किल्ली नक्की कोणाकडे आहे ते तुमच्या पेपरने विचारलं तर बरं होईल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, धायरी, पुणे