चषकाचा फोटो छापलात, प्रबंधात काय आहे तेही छापा

मा. संपादक,

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर विदर्भातल्या एका विधी महाविद्यालयाची बातमी होती. मूट कोर्टात, म्हणजे कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या लटक्या खटल्यांच्या स्पर्धेत, बक्षीस मिळवलेल्या मुली चषक धरून उभ्या, शेजारी पीएचडी मिळालेल्या दोन प्राध्यापकांना शाल-श्रीफळ देणारे संस्थेचे अध्यक्ष, आणि खाली मान्यवरांची नावे, ती संपता संपेनात. मुलींचे आणि प्राध्यापकांचे मनापासून अभिनंदन. पण मुलींनी युक्तिवाद कोणत्या प्रश्नावर केला आणि प्राध्यापकांनी एवढी वर्षे खपून काय शोधले, याबद्दल बातमीत अवाक्षर नव्हते. आमच्या बार रूममध्ये तो अंक दिवसभर फिरला, आणि त्यातले कोण कोणाचे भाचे, कोणाचे जावई एवढ्यावरच चर्चा आटोपली. बोलण्यासारखे दुसरे काही छापलेच नव्हते.

मी देसाईगंजला वकिली करतो. आम्ही गावाला वडसाच म्हणतो. कायदा शिकवणाऱ्यांनी लेखणी उचलली आणि देशाचा कायदा बदलायला लागला, अशी एक गोष्ट आमच्याच पोलीस ठाण्यापासून सुरू होते. नव्याने सनद घेऊन आलेल्या पोरांना विचारले तर खटल्याचे नाव माहीत असते, गाव कोणते ते ठाऊक नसते.

मार्च 1972. गडचिरोली जिल्हा व्हायचा होता, गाव तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात. मजुरी करणारी एक आदिवासी मुलगी चौकशीसाठी रात्री ठाण्यात आणली गेली आणि तिथेच पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. मुलीच्या नावाने ओळखला जातो तो हाच मथुरा खटला. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघा पोलिसांना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये शिक्षा दिली. भीतीने हतबल होऊन गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे तिथे स्पष्ट म्हटले गेले. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. अंगावर जखमा नाहीत आणि आरडाओरडा केल्याचे पटत नाही, ही कारणे.

निकाल कायद्याच्या अहवालात छापला गेला, आणि चार शिक्षकांनी तो वाचला. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. 16 सप्टेंबर 1979 रोजी त्यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. सरन्यायाधीश होते यशवंत चंद्रचूड, पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी. हा निकाल देणाऱ्या पीठावर ते नव्हते, पण न्यायालय त्यांचे होते. पुराव्यातून दिसते ती शरणागती, संमती नाही, हा पत्राचा गाभा. रात्रीच्या वेळी, गणवेशातल्या माणसांच्या ताब्यात असलेल्या गरीब पोरीने ओरडायचे तरी कोणाच्या नावाने? शिवाय बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात बोलावू नये, हे याच न्यायालयाने 1978 मध्येच दुसऱ्या एका निकालात बजावले होते. मग इथे त्यावर एक शब्दही का नाही? मी ते पत्र शिकत असताना वाचले नाही, कोणी वाचायला दिलेही नाही. वकिली सुरू झाल्यावर एका ज्येष्ठ वकिलांच्या कपाटात सापडले. कोणावरही न खेकसता देशातल्या सर्वोच्च पीठाला त्याची चूक पुराव्यानिशी कशी दाखवावी, हे त्यातून शिकावे.

पत्राने निकाल बदलला नाही. त्या मुलीच्या पदरात काही पडले नाही, हेही लिहिलेच पाहिजे. पण महिला संघटना रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये फौजदारी कायदा सुधारला गेला. कोठडीतला बलात्कार वेगळा गंभीर गुन्हा ठरला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाले आणि संमती नव्हती असे बाईने कोर्टात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरायचे, हे पुरावा कायद्यात 114-अ म्हणून आले. 1 जुलै 2024 पासून ते भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 120 आहे.

हे जुने झाले म्हणाल, तर अलीकडचे सांगतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने 2016 मध्ये फाशीच्या कैद्यांवर अहवाल काढला. त्यासाठी विद्यार्थी देशभरच्या तुरुंगांत गेले, 373 कैद्यांशी बोलले. चारातले जवळपास तीन कैदी आर्थिकदृष्ट्या दुबळे निघाले. 1994 मधल्या पुण्याच्या एका हत्याकांडात फाशीची शिक्षा सुनावलेला एक कैदी गुन्ह्याच्या वेळी जेमतेम साडेबारा वर्षांचा होता, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2023 मध्ये मान्य केले, तेही राजस्थानातल्या शाळेच्या नोंदीवरून. तोवर त्याची 28 वर्षे तुरुंगात गेली होती. त्याच्या खटल्यामागे याच विद्यापीठातली मंडळी होती. शाळेचा दाखला शोधणे! आमच्या तालुका कोर्टात हे काम कारकून करतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही.

चषकांना मी नावे ठेवत नाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने जेसप ही जगातली मोठी मूट स्पर्धा 1999 आणि 2013 मध्ये जिंकली, त्याचा मलाही अभिमान आहे. पण जोधपूरला कायदा शिकणाऱ्या स्वप्नील त्रिपाठी या विद्यार्थ्याने सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज थेट दाखवा म्हणून याचिका केली, 2018 मध्ये ती मान्य झाली, आणि आज घटनापीठापुढचा युक्तिवाद आम्ही वडशात मोबाइलवर बघतो. हे कोणत्या कपाटात ठेवणार?

आपल्या बातमीतल्या एका प्राध्यापकांचा प्रबंध जंगलात राहणाऱ्यांना जमिनीचे आणि वनाचे हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्यावर आहे, असे मला मागाहून एका मित्राकडून कळले. माझ्या जिल्ह्यात मेंढा-लेखा या गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, आणि आजही माझ्याकडे दाव्याचे कागद घेऊन माणसे येतात. दावा कुठे अडतो, ग्रामसभेच्या ठरावात कोणती उणीव काढली जाते, अपील कोणाकडे करायचे, यावर कोणी पाच-सहा वर्षे अभ्यास केला असेल तर तो आम्हाला आजच्या आज हवा आहे. आणि मराठीत हवा आहे, कारण आमच्या कोर्टाचे कामकाज मराठीत चालते आणि ग्रामसभेचेही.

तेव्हा विनंती अशी. पीएचडीची बातमी आली की आपल्या वार्ताहराने प्राध्यापकांना एवढेच विचारावे, की तुम्हाला काय सापडले आणि ते कोणाच्या उपयोगाचे. उत्तर आठ-दहा ओळींत मावते. जागा हवी असेल तर मान्यवरांची नावे कमी करावीत. प्रबंध मिळवायला कोणाच्या दारात जायला नको, विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. वनहक्काचा तो प्रबंध तिथे असेल तर त्याचा सारांश आपण रविवारच्या पुरवणीत छापावा. माझ्या पक्षकारांसाठी झेरॉक्सचा खर्च मी करीन.

आपला,
एक तालुका वकील
देसाईगंज (वडसा), जि. गडचिरोली