'फितूर' हा शिक्का तिच्यावर मारण्याआधी

मा. विधी व न्याय मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

नवऱ्याचा आणि सासरचा छळ सोसणाऱ्या बायकांबरोबर मी समुपदेशक म्हणून गेली सतरा वर्षं पोलीस ठाण्यांत आणि कोर्टांत जाते आहे. निकालपत्रात पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या दोन शब्दांबद्दल आज आपल्याला लिहिते: 'फिर्यादी फितूर', म्हणजे तक्रार देणारी बाईच साक्षीत आपल्या आधीच्या म्हणण्यावरून फिरली.

काही महिन्यांपूर्वी एका प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात 498-अ चा, म्हणजे नवऱ्याने आणि सासरच्यांनी केलेल्या छळाचा, खटला साक्षीला लागला. त्यातल्या बाईने फिर्याद दिली तेव्हा तिची मुलगी कडेवर होती, साक्षीला उभी राहिली तेव्हा मुलगी पाचवीत. मधल्या काळात कधी आरोपींपैकी एक गैरहजर, कधी वकील दुसऱ्या कोर्टात, कधी साहेब रजेवर, तर कधी तपासी अंमलदाराची बदली झालेली. रोजनाम्यात पुढची तारीख पडायची आणि ती अर्ध्या दिवसाचा पगार बुडवून परत जायची. मांडीवर कायम कागदांची पिशवी. त्यात दवाखान्याचा केसपेपर, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. व्हरांड्यात बसायला बाकडं एकच. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला नवरा, सासू आणि दीर.

त्या दिवशी पुकारा होण्याआधी त्याच बाकड्यापाशी सगळं ठरलं. संमतीने घटस्फोट, पैसे दोन टप्प्यांत: पहिला आज, दुसरा साक्ष 'नीट' झाल्यावर. पिंजऱ्यात ती म्हणाली, "किरकोळ घरगुती वाद होते. फिर्यादीतला मजकूर मी सांगितलेला नाही." सरकारी वकिलांनी तिला फितूर जाहीर केलं, चार सूचक प्रश्न विचारले, तिने चारही नाकारले. दहा मिनिटांत आटोपलं. जिना उतरताना पिशवी पुढे करत तिने विचारलं, "ताई, हे आता फाडून टाकू?" मी ठेव म्हटलं. का ठेव, ते मला सांगता आलं नाही.

महोदय, ही बाई खोटं बोलली, पण फिर्याद देताना नव्हे. पिंजऱ्यात. आणि तिथे तिला आपल्याच व्यवस्थेने आणून उभं केलं. जुन्या दंड संहितेतलं 498-अ, म्हणजे 1 जुलै 2024 पासूनच्या भारतीय न्याय संहितेतली कलमं 85 आणि 86, हा गुन्हा आपल्याकडे तडजोडीचा नाही. दोघांचं मिटलं तरी न्यायदंडाधिकारी खटला मिटवू शकत नाहीत. मग रस्ते दोनच. एक, हायकोर्टात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यायचा; मिटलेलं प्रकरण हायकोर्ट रद्द करू शकतं असं सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 2012 च्या ग्यानसिंग निकालानंतर ही वाट चांगलीच रुळली आहे, पण तिला पैसा आणि वकील लागतो. दुसरा, तिने शपथेवर आपलंच म्हणणं नाकारायचं. गरीब घरातल्या बाईच्या वाट्याला बहुतेक वेळा दुसराच येतो.

फिर्यादी फितूर म्हणून झालेली आरोपीची सुटका पुढे आकडा बनून फिरते. 2014 च्या अर्नेश कुमार निकालात सुप्रीम कोर्टाने नमूद केलं की या कलमाखाली 93.6 टक्के प्रकरणांत आरोपपत्र दाखल होतं आणि शिक्षेचं प्रमाण 15 टक्के आहे. ऊठसूट अटक नको, हे त्या निकालाचं म्हणणं मला मान्य आहे. म्हाताऱ्या सासूला आणि दुसऱ्या गावी नांदणाऱ्या नणंदेला सरसकट आरोपी केलेलं मीही पाहिलं आहे, आणि त्याने मूळ खटलाच कमकुवत होतो. पण त्या 15 टक्क्यांवरून 'बाकीच्या सगळ्या खोट्या' असा जो अर्थ काढला जातो, तो मी कोर्टाच्या व्हरांड्यात रोज खोटा ठरताना पाहते. निर्दोष सुटका म्हणजे छळ झालाच नव्हता, असं नाही. पुष्कळदा तिची सहनशक्ती खटल्याच्या आधी संपलेली असते, एवढंच.

नवा कायदा करा असं मी म्हणत नाही. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सांगतो की अर्जाची पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा. बाईला पुन्हा त्रास देऊ नये असा कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला तर तो दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि कलम 32 प्रमाणे एकट्या पीडितेच्या साक्षीवरही कोर्ट तो सिद्ध धरू शकतं. असा आदेश मोडल्याचा दोषारोप ठेवताना त्याच न्यायदंडाधिकाऱ्यांना 498-अ चाही दोषारोप ठेवता येतो, अशी सोय कलम 31 मध्ये आहे. माझ्या सतरा वर्षांत ती वापरलेली मी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच पाहिली. आदेश मोडला की ठाण्यातून "तुमची केस कोर्टात चालू आहे ना, तिथेच सांगा" असं म्हणून बाईला परत पाठवतात.

न्यायाधीशांनी काय करावं हे आपण सांगू शकत नाही, याची मला जाणीव आहे. पण सरकारी वकील शासनाचे आहेत. साक्षीच्या दिवशी पुकारा झाल्यावर फाइल उघडणारा आणि फिर्यादीचा चेहरा पहिल्यांदा पाहणारा वकील तिला काय सावरणार? साक्षीआधी किमान एकदा तिच्याशी स्वतंत्रपणे बोलणं त्यांना बंधनकारक करा, आणि तेवढा वेळ मिळेल इतकी पदं भरा. दोषारोप निश्चित झाला की सर्वात आधी फिर्यादीचीच साक्ष नोंदवावी, तीही दोन-तीन महिन्यांच्या आत, यासाठी हायकोर्टाकडे प्रस्ताव पाठवा. साक्ष सुरू झाली की ती रोजच्या रोज चालवावी, असं खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 346 सांगतंच. यात आरोपीचंही भलं आहे: ज्याच्यावर खोटा आळ आहे त्यालाही दहा वर्षं तारखा मोजायच्या नसतात.

आणि ते बाकडं. 2022 च्या जानेवारीत आपल्याच राज्यातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने असुरक्षित साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यात साक्ष केंद्रं, म्हणजे न घाबरता साक्ष देता येईल अशा वेगळ्या जागा, हवीत असं सांगितलं, आणि कोर्टाला जो साक्षीदार असुरक्षित वाटेल त्यालाही त्यात घेतलं. मारहाण करणाऱ्या माणसापासून हातभर अंतरावर दिवसभर बसणारी बाई यात बसत नसेल तर कोण बसतं? तालुक्याच्या कोर्टात तिला एक वेगळी खोली द्या, आत दोन खुर्च्या आणि दाराला आतून कडी. मिटवायचं असेल तर तिने जरूर मिटवावं, तो तिचा हक्क आहे. पण ती बोलणी त्या खोलीत, तिच्या वकिलासमोर व्हावीत, आणि पैशाचा हप्ता साक्षीला बांधलेला नाही ना, हे कोणीतरी तिला एकटीला विचारावं.

पुढच्या महिन्यात माझ्याबरोबर आणखी एक बाई साक्षीला उभी राहणार आहे. फिर्यादीला सहा वर्षं झाली. समन्स हातात पडलं आहे. सरकारी वकिलांची आणि तिची अजून भेट झालेली नाही. दिराचे मात्र दोन फोन येऊन गेले.

आपली,
एक समुपदेशक