ग्राँ प्री जन्मली कारखानदारांच्या तक्रारीतून

महोदय,

मोटार शर्यतींचा सुरुवातीचा काळ 'श्रीमंतांचा शौक' एवढ्यावर उरकला जातो. शौक होताच, पण ग्राँ प्री या मोठ्या मोटार शर्यतीच्या मुळाशी फ्रेंच कारखानदारांची तक्रार होती. 'न्यूयॉर्क हेराल्ड' या दैनिकाचे मालक गॉर्डन बेनेट यांच्या चषकाचा (१९०० ते १९०५) नियम असा, की एका देशाच्या तीनच गाड्या. फ्रान्समध्ये कारखाने ढीगभर, जागा मात्र तीन. उरलेल्यांनी आपला माल दाखवायचा कुठे?

म्हणून १९०६ मध्ये फ्रेंच ऑटोमोबाइल क्लबने फ्रान्समधल्या ल माँ शहराजवळ स्वतःची शर्यत घेतली; हीच पहिली ग्राँ प्री. गाड्या देशागणिक नाहीत, कारखान्यागणिक तीन. सुमारे १०३ किलोमीटरचा फेरा, रोज सहा, दोन दिवसांत १२३८ किलोमीटर. ३२ गाड्या सुटल्या, ११ पोचल्या.

खरी परीक्षा टायरची झाली. दुरुस्ती फक्त चालक आणि सोबतच्या मेकॅनिकनेच करायची. टायर लाकडी आऱ्यांच्या चाकावर पक्का बसलेला. तो फुटला की चाकूने कापून काढा, नवा जोर लावून चढवा, हवा भरा. यात पाव तास सहज जाई. मिशेलँ या टायर कंपनीने सुटी रिम (चाकाची टायर बसणारी कड) आणली : आठ नट सोडायचे, जुनी रिम उतरवायची, हवा भरलेल्या टायरसकट दुसरी चढवून नट आवळायचे. काम चार मिनिटांत. तीन पंक्चरमागे अर्धा तास वाचला! पण प्रत्येक चाकामागे सुमारे ९ किलो वजन वाढे, आणि गाडीला मर्यादा १००० किलोची. आधीच काठावर असलेल्या काही गाड्यांना त्यामुळे ही रिम लावताच आली नाही.

या रिमवर धावलेली फ्रान्सची रेनो जिंकली. चालक हंगेरीचा फेरेन्त्स सिस; दुसऱ्या आलेल्या फियाटपेक्षा ३२ मिनिटे पुढे. पुढच्या वर्षांत रेनोची विक्री वाढली, मिशेलँला तर आयती जाहिरात मिळाली.

हिशेब उलटल्यावर काय झाले तेही पाहा. १९०७ मध्ये इटलीची फियाट जिंकली, १९०८ मध्ये जर्मनीची मर्सिडीज. त्या वर्षी दुसरा-तिसरा क्रमांकही जर्मन बेन्झने नेला. शर्यतीचा खर्च प्रचंड आणि जाहिरात परक्यांची, म्हणून मोठ्या कारखानदारांनी अंग काढून घेतले. १९०९ ते १९११ ही ग्राँ प्री झालीच नाही.

– एक वाचक